हौश्याची झूल

"बाबा, त्याच्या अंगावरची झूल काढा ना. गाठीच दिसत नाहीयेत," रोशनी फोनवर वैतागून म्हणाली.

पशुवैद्यकीय कॉलेजच्या वसतिगृहात बसून ती इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लम्पी रोगावर लेख लिहीत होती. लक्षणं, लस, गोठ्याची स्वच्छता, सगळं लिहून झालं होतं. फोटो मात्र काढणाऱ्यानं खुशीनं दिलेलाच हवा, असा तिथला नियम. घरचा बैल हौश्या लम्पीनंच आजारी होता, म्हणून तिनं वडिलांकडे फोटो मागितला. त्यांनी हौश्याची शिंगं रंगवली, पाठीवर पोळ्याची आरशांची झूल घातली आणि मग फोटो पाठवला. साथीमुळे यंदा गावात पोळा भरलाच नव्हता.

"साऱ्या जगाले दिसते म्हणतेस ना? मंग त्याले असा उघडा कसा दाखवू?"

"बाबा, लोकांना रोग ओळखता यावा म्हणून आहे तो. बैल मिरवायचा नाहीये."

त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. झूल नव्हती. मानेपासून शेपटीपर्यंत एकेक गाठ स्पष्ट दिसत होती, लेखाला हवी होती तशी. तिनं तो लगेच लेखात चढवला आणि मग मोठा करून पाहिला. हौश्या आडवा पडला होता. उघड्या डोळ्यावर माश्या बसल्या होत्या.

तिनं फोन लावला.

"जित्तेपणी झूल काढाची हिंमत नाही झाली पोरी," वडील म्हणाले. "फोटो झाल्यावर पुन्हा घातली. झुलीसकट पुरलं त्याले."