हिरव्या बाहीचा स्वेटर

"तीन दिवसांत जिला हात लागला नाही, ती वस्तू आपली नाही," तिबोर म्हणाला आणि इरियाची पाठपिशवी उचलून बघायला लागला. "दगड भरलेस की काय?"

"तुझं तत्त्वज्ञान ठेव तुझ्यापाशी. माझी बस चुकेल."

मोस्तारच्या स्वस्त हॉस्टेलातली सकाळ. इरिया पुढे कोतोरला निघाली होती. तिथल्या हॉस्टेलात चादरी बदलायच्या आणि त्या बदल्यात फुकट राहायचं, असं तिनं जमवलं होतं. तिबोरला आधी डोंगर चढायचे होते. चार दिवसांनी तो तिला तिथंच गाठणार होता.

दोघांची ओळख सारायेवोत झाली, त्याला महिनाही झाला नव्हता. तो स्लोव्हाकियाचा, ती पोर्तुगालची. खिशात दोघांच्याही खडखडाट, त्यामुळे पटकन जमलं. एका थंड संध्याकाळी त्यानं तिला आपला स्वेटर देऊन टाकला, कायमचा. आईनं विणलेला, करडा. लोकर संपली म्हणून डावी बाही हिरवी झालेली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कॉफीचं तांब्याचं भांडं घेऊन दिलं. ते दुकानातच तिच्या हातून पडलं, दांड्यापाशी चेपलं आणि म्हणून निम्म्या किमतीत मिळालं.

निघताना इरिया जिन्याखाली वाकून बराच वेळ काहीतरी करत होती. बुटाची नाडी बांधत असेल. मग धावत येऊन ती त्याच्या गळ्यात पडली. तिच्या केसांना लिंबाच्या साबणाचा वास होता. केसांना, अंगाला, कपड्यांना ती एकच वडी वापरायची.

ती गेल्यावर तिबोरनंही आवरलं. अशा हॉस्टेलांत जाणारा येणाऱ्यासाठी काहीबाही ठेवून जातो. कपडे जिन्याखालच्या पेटीत, बाकीचं स्वयंपाकघरातल्या फळीवर. त्यानं फळीवरचं पास्त्याचं अर्धं पाकीट उचललं, आपल्याकडचं नको ते ओझं तिथं ठेवलं आणि शीळ घालत डोंगराची वाट धरली.

डोंगरावर त्यानं एक गोष्ट पक्की केली. इरियाला विचारायचं, माझ्याबरोबर माझ्या गावी, कोशित्सेला राहायला येतेस का? बेकरीवरची खोली आहे, भाडं कमी आहे, पहाटे खालून पावाचा वास येतो. वाटेत मेंढ्या भेटल्या की त्यांना तो हे सगळं म्हणून दाखवायचा. एकीनंही नाही म्हटलं नाही.

कोतोरला पोचला तेव्हा इरिया धुतलेल्या चादरी आणायला गेली होती. गच्चीवर एक उंचापुरा डॅनिश पोरगा पाय पसरून बसला होता. आजच उतरला होता म्हणे. वारा गार सुटलेला, आणि त्याच्या अंगात करडा स्वेटर. डावी बाही हिरवी.

तिबोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"छान आहे स्वेटर," तो म्हणाला.

"आहे ना?" पोरगा खुलला. "मी आस्गर. ही मोस्तारची कमाई! हुंगून बघ, अजून पोरीच्या साबणाचा वास येतोय. लिंबाचा." आणि वर डोळा मारला.

संशयी माणसाला पुरावा लागत नाही, निमित्त पुरतं. बस चुकेल म्हणे! बस पकडली तरी होती का हिनं त्या दिवशी? तिबोरला त्या पोराचे लांब पाय बघवेनात, हसणं ऐकवेना. आणि सगळ्यात जिव्हारी काय लागलं, तर आईचा स्वेटर ह्या टोणग्याला त्याच्यापेक्षा जास्त शोभत होता.

तेवढ्यात इरिया आली. तिबोरला बघून तिनं टोपली तिथंच टाकली आणि त्याला मिठी मारली.

"आपलं भांडं आणलंस ना? उद्या सकाळी कॉफी!"

"म्हणजे काय! बॅगेत आहे, तळाशी."

मग तिची नजर आस्गरवर गेली आणि तोंडाचा रंगच उडाला.

"मी आस्गर," तो म्हणाला.

"मी... इरिया."

"वा! काय नाटक करता दोघं!" तिबोर ओरडला. "कधीपासून चाललंय हे? माझा स्वेटर ह्याच्या अंगात कसा?"

आस्गरनं दोन्ही हात वर केले. "अरे बाबा, मी हिला आत्ता बघतोय! मोस्तारला जिन्याखालच्या पेटीत पडला होता. पोरीचं म्हणशील, तर ती मी आपली फुशारकी मारली." त्यानं स्वेटर काढला, खुर्चीवर ठेवला आणि मुकाट्यानं खाली सटकला.

तिचा खरंच कुणी असता तर बरं झालं असतं, असं तिबोरला वाटून गेलं. त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"टाकून दिलास?"

"जड होता रे. आणि मोस्तारला उकाडा किती! तूच म्हणालास ना, तीन दिवस हात लागला नाही की..."

"ते विकत घेतलेल्या वस्तूंबद्दल! हा माझ्या आईनं विणलाय. आज दिलेली वस्तू जड झाली, उद्या देणारा जड होईल!"

इरियाला रडू फुटलं. "चुकलं माझं. तुला कळू नये म्हणून जिन्याखाली गुपचूप ठेवला. आणि तू मात्र माझं भांडं डोंगरावर वागवलंस."

"वागवलं. पाठ मोडली, तरी वागवलं."

ती आणखीच रडायला लागली. मग तिबोरला तिची दया आली. झालं गेलं विसरायचं आणि आत्ताच कोशित्सेचं विचारून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. मोठ्या मनानं त्यानं तिचा हात हातात घेतला.

"इरिया, तुला एक विचारायचंय..."

"भांडू नका रे, माझ्यामुळे झालं सगळं," जिन्यातून आस्गरचा आवाज आला. "ही घ्या, गरमागरम कॉफी." त्यानं दोघांच्या मधोमध तांब्याचं भांडं ठेवलं, दांड्यापाशी चेपलेलं. "हेही मोस्तारचंच. स्वयंपाकघरातल्या फळीवर होतं."