वाटीतली वाळवी

बाळांनो, कल्पना करा, आर्डवुल्फ हा वाळवी खाणारा तरसाचा भाऊबंद पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. जपलेल्या पेशीपासून प्रयोगशाळेत त्याचं एक पिल्लू जन्मलं. पण ते वाटीतल्या वाळवीला तोंडच लावेना. दिवसेंदिवस खंगत चाललं.

"हट्टी आहे, तुझ्यासारखं!" पिल्लाला सांभाळणाऱ्या नलूआत्या भाचीला, ओवीला म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "लहानपणी आफ्रिकेत आम्ही शेवटचे आर्डवुल्फ पाहिले गं. मादी कान टवकारून चालायची. गवतात वाळवी सळसळली, की थांबून चाटायची."

"मग वाटीत सळसळ कुठे होते, आत्या?"

आत्यांनी लगेच वाळकं गवत आणून पसरलं. ओवीने वाटीतली वाळवी त्यावर ओतली. पिल्लाचे कान वळले. जीभ बाहेर आली. ओवीने आत्यांचा हात घट्ट धरला.