तक्रार निकाली

वारज्यातल्या बँकेत वैजनाथ तीनचाकी स्कूटरवरून येत. दिव्यांगांसाठी राखीव जागेत दर वेळी तीच पांढरी गाडी उभी असे. मग स्कूटर रस्त्यापलीकडे लावून ते कुबड्यांवर रस्ता ओलांडत. वर्षभर त्यांनी तक्रारी केल्या. अखेर एकदा पोलीस आले आणि गाडीवाल्याला दंड झाला.

पुढच्या सोमवारी वैजनाथ आले, तर पुन्हा तीच गाडी.

"अहो, यांना दंड झाला होता ना?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"झाला होता की. जुने खातेदार आहेत, मॅनेजरसाहेबांना फार वाईट वाटलं," रखवालदार त्यांची नजर टाळत म्हणाला. "त्यांनी राखीव जागेची पाटीच काढून टाकली. आता इथं कुणालाच दंड होणार नाही."