लग्नातला शर्ट

डॉक्टरकडे जायचं म्हणून वैजयंतानं नवऱ्याची, मारोतीची दाढी केली, त्याला लग्नातला शर्ट इस्त्री करून घातला आणि दवाखान्यातल्या कॅमेऱ्यासमोर नेऊन बसवलं. प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्रपिंड विकत मिळत नसे. घरोघरचे प्रेक्षक ज्याच्यासाठी जास्त हळहळतील, त्याला ते मिळे.

शेजारी एक कारखानदार फाटक्या बनियनवर बसला होता. लोक कुणाला बघून हळहळतात, यावरचं विद्यापीठाचं संशोधन मात्र विकत मिळत होतं.

मूत्रपिंड कारखानदाराला गेलं. समोरच्या पडद्यावर मारोतीच्या नावाखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हा तर ठणठणीत दिसतोय.’

मारोतीला एवढ्या लांबून वाचता आलं नाही.

“शर्ट शोभला ना गं?” त्यानं विचारलं.

“शोभला की,” वैजयंता म्हणाली आणि तिनं त्याचं गळ्याजवळचं बटण लावलं.