आठ लाख, सर

“प्रीऑर्डर कमीच येतील म्हण गं. मग तरी साहेब तारीख पुढे ढकलतील, गेम नीट पुरी करता येईल,” नवरा सकाळी काकुळतीला आला होता. त्या गेमपायी तो ऑफिसातच झोपत होता. काल घरी आला, तर लेकीने त्याला ‘काका’ म्हटलं.

मीटिंगमध्ये आगाऊ विक्रीचा अंदाज सांगायचं काम तिचं. तिच्या हिशेबाने वीस लाख कुठे गेले नव्हते.

“आठ लाख, सर.”

“बस, एवढ्याच? मग गेम आहे तशीच विकून टाका. टीमला आजच नारळ द्या.”

साहेब उठले, दाराशी थबकले.

“वीसेक लाखांची आशा असती ना, तर सहा महिने वाढवून देणार होतो मी.”