दुसरीचा निकाल

तेजस्विनीबाईंनी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि अक्षदाच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ‘कमळ’ लिहिलं. डाव्या हातानं अक्षर वाकडंतिकडं येतं, थेट दुसरीतल्या पोराचं वाटतं. शेजारी मुख्याध्यापक चांगदेव सर तेच करत होते. भागुजी गुरुजींच्या वर्गाच्या अठ्ठावीस पत्रिका होत्या, आणि गुरुजी घरी गेले होते.

गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. परीक्षा झाली की गुरुजी गठ्ठा न उघडताच तपासायला सरांकडे देत, आणि बाकीचे शिक्षक मिळून तो भरत. गुरुजींनी अर्ध्या वाडीला बाराखडी शिकवली होती, चांगदेव सरांनाही. आता मात्र तोच धडा ते चार-चार दिवस पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. पोरं फिदीफिदी हसायची आणि कोरीच्या कोरी तिसरीत, बाईंच्या वर्गात यायची. स्वतःचं नाव न वाचता येणारी ती पोरं पाहून बाईंचं काळीज तुटायचं.

“सर, एकदा त्यांना सांगूया ना, आता जमत नाही म्हणून.”

“आपल्याच गुरुजींना? कोणत्या तोंडानं?” सर म्हणाले. “नोकरीची तीन वर्षं राहिलीत त्यांची. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. लिहा.”

बाईंनी लिहिलं.

निकाल लागला आणि आसपासच्या सगळ्या शाळांत गुरुजींचा दुसरीचा वर्ग पहिला आला. दुसऱ्या दिवशी परिपाठ आटोपताच गुरुजी बाईंच्या वर्गाच्या दारात उभे. हातात निकालपत्रक होतं.

“बाई, चांगदेव माझा इद्यार्थी. मला बरं वाटावं म्हनून त्यो कायबी बोलंल. तुमी खोटं बोलायच्या न्हाई. पोरांना खरंच येतंय का?”

खरं उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण गुरुजी असे आशेनं बघत होते, की बाईंनी ते गिळून टाकलं. स्वतःची लाज वाटली, रागही आला.

“येतंय, गुरुजी.”

गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टराटरा फाडला.

“सुटलो, बाई! जुन्नरचा डॉक्टर म्हनला, इसरायचा आजार हाय. म्हटलं, आपल्यापायी पोरांचं वाटोळं नको. ह्यो निवृत्तीचा अर्ज आजच देनार व्हतो.”