भुकेची गोळी

"न्यूमोनियाले मी पाण्यात बुडवून मारलं," बापूजीनं दवाखान्याच्या बाकावर जाहीर केलं. "तलावात जाळं अडकलं का सारा गाव मलेच बलावते. मी बुडी मारली का काठावरच्याची बिडी संपते, पण मी वर येत नाई. असल्या फेफड्यात व्हायरस किती टिकन?"

मग तो खोकला. बराच वेळ खोकला. तोवर बाकावरची मंडळी छताकडे बघत राहिली.

बाजूला कुरखेड्याचा वारलू बसला होता. त्यालाही तोच न्यूमोनिया झाला होता. आजच सुट्टी मिळाली होती आणि तो गाडीची वाट पाहत होता.

"मले तं अन्नच जात नाई, भाऊ. उभा राह्यलो का पाय कापतेत."

"दवाई अर्धी सोडली असशीन!" बापूजीनं खिशातून गोळ्यांचा पत्ता काढला. "हे पाह्य. पांढरी, बारकी. डॉक्टर म्हणे थोडेच दिवस घ्या. मी म्हटलं, काऊन? हिनंच तं भूक लागते. तवापासून चालूच आहे. मेडिकलवाला मले दुरून पाहूनच काढून ठेवते. अन् गाल पाह्य माहे!"

गाल खरंच पुरीसारखे फुगले होते. वारलूनं ते आदरानं पाहिले.

"ठेव तुलेच. घरी आनखी आहे."

वारलूनं पत्ता कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. तेवढ्यात बापूजीचा नंबर लागला. त्याची बायको गोकुळा पिशवी सावरत मागोमाग आत गेली.

आत डॉक्टर नंदिनी मॅडम त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरून बसल्या होत्या.

"काका, फेफड्यात बुरशी झाली आहे."

"बुरशी? लोणच्याले येते तशी?" गोकुळानं विचारलं.

"तशीच समजा."

"म्या कवाची म्हणून राह्यली!" गोकुळा नवऱ्याकडे वळली. "रोज पान्यात. वाळवल्याबिगर ठेवलेली कोनतीबी वस्तू बुरसतेच."

"पाण्यानं नाही हो, बाई." मॅडम हसल्या नाहीत. "काका, दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेली ती पांढरी गोळी बंद केली होती ना?"

बापूजीनं छाती पुढे काढली. "एक दिवस खाडा नाई."

मॅडमनी फोटो खाली ठेवला. "व्हायरसनं तुमचं फेफडं आतून खरवडून ठेवलं होतं. ही गोळी सूज उतरवते, पण अंगातला पहारेकरीही झोपवते. म्हणून थोडेच दिवस द्यायची असते. तुम्ही त्याला झोपवूनच ठेवलं. बुरशी तर हवेत असतेच. तिला दार उघडं सापडलं."

"मंग ते भूक?"

"गोळीची. गालही गोळीचेच. आता बुरशीचं औषध काही महिने चालेल. आणि ही गोळी मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची. एकदम सोडायची नाही. तलाव बंद."

बापूजीचं तोंड उतरलं. पुढच्या आठवड्यात गावचं मोठं जाळं पडणार होतं.

"आणि कुणाला दिली तर नाही ना ही गोळी?"

बापूजीनं रिकामा खिसा चाचपला. गोकुळा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "आत्ताच देल्ली! भायेर, त्या वारलूले. अख्खा पत्ता! त्यालेबी न्यूमोनियाच होता."

"पळा!" मॅडम म्हणाल्या. "त्याच्याकडून आधी काढून घ्या. त्याच्याही फेफड्याची तीच गत होईल."

बापूजी उठला आणि पळाला. बाक रिकामा होता. फाटकाबाहेर कुरखेड्याची गाडी घरघरत उभी होती आणि खिडकीत वारलू बसला होता. पाण्याच्या टाकीपाशी बापूजीला धाप लागली. कडुलिंबापाशी दम संपला. झाडाला धरून त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. आतून नुसता खोकला आला. मग त्यानं दोन्ही हात जोरजोरात हलवले.

एवढा मोठा माणूस आपल्याला पोचवायला बाहेरपर्यंत आला, हे पाहून वारलूचे डोळे भरले. त्यानंही हात हलवला. पत्ता उंच धरून दाखवला आणि एक गोळी तोंडात टाकली.

गाडी सुटली. वारलूनं उरलेला पत्ता मधोमध मोडला आणि अर्धा शेजारी खोकत बसलेल्या बाईला दिला.